मागे धरलेली चादर

पुलगाव गेलं तेव्हा उजाडत होतं. वर्धा जवळ आलं म्हणून पिशवी मांडीवर घेतली. तीत आमच्या वस्तीतल्या घरांची यादी होती. मुंबईच्या उपनगरात, खाडीकाठी, ही वस्ती आहे. आता तिच्यावरून रस्ता जाणार. ठरलेल्या तारखेआधी आपलं घर तिथे होतं हे जो दाखवील त्याला दुसरं घर, बाकीच्यांनी उठायचं. बहुतेकांचे कागद भरतीच्या पाण्यात गेलेत, आईचेही. उरले होते नामदेवकाका. त्यांनी उभं आयुष्य वस्तीत दारोदार फोटो काढले आणि म्हातारपणी निगेटिव्हची पेटी घेऊन ते आपल्या मुलखात, वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला, परतले.

स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. वर सांभार (इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात). तर्रीने डोळ्यांत पाणी आणलं. मग ऑटो केला, तर ऑटोवाला पिपरी मेघेत एकाच गल्लीतून तीनदा फिरला. चहूकडे नवे प्लॉट, अर्धवट भिंती, वर आलेल्या सळया.

"इथं सारी पऱ्हाटी (कपाशी) होती, ताई," तो म्हणाला. "आता मलेच गाव सापडत नाई."

हेही उपनगरच होत होतं. जुन्या शेताचा फोटो कुणाकडे आहे का, हे मी विचारलं नाही. मला माझी घाई होती.

काकांनी दार उघडलं, माझ्याकडे निरखून पाहिलं. "सुमनची पोरगी न वं तू? नाक तेच हाय."

काकूंनी पाणी दिलं आणि जेवूनच जायचं असं बजावलं. काकांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. मी एकेक निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरू लागले. रेशनकार्डाचे, नोकरीच्या अर्जांचे फोटो. ओळखीची माणसं, तरुण. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं दिसतं. प्रत्येक चेहऱ्यामागे काळा चौकोन होता. दुसरा पाहिला, दहावा पाहिला, शेवटचा पाहिला. भिंत नाही, दार नाही, खाडी नाही.

"काका, घरं कुठं आहेत?"

"घरं कशी दिसतीन? मांगं काही दिसलं का ऑफिसातून फोटो वापस येत होता. म्हणून चादर धरत होतो. शेजारीपाजारीच धरत. ज्याच्या घरी धुतलेली असन त्याची चादर."

"आणि परत आलेले फोटो?"

"त्यात सारं दिसत होतं," काका म्हणाले. "नापास फोटो कोण ठेवते? खाडीत फेकले म्या, निगेटिव्हसकट."

मी त्यांना नको ते बोलले. एवढी वर्षं कॅमेरा हातात होता आणि एक घर टिपता आलं नाही, असं काहीसं. काकू भाकरी थापायच्या थांबल्या. काकांनी पेटी आपल्याकडे ओढली.

"घराचा फोटो काढ असं मले कोणी म्हटलंच नाई, पोरी," ते म्हणाले. "मग म्या काऊन काढू?"

त्यांचं खरं होतं. ज्या कचेऱ्यांनी मागे काही दिसता कामा नये असा नियम केला, त्याच आज मागे काय होतं ते दाखवा म्हणतात. शिक्षा मात्र चादर धरणाऱ्यांना.

काकांनी एक निगेटिव्ह निवडून दिली. शेजारच्या शेवंतामावशीची. काळ्या चौकोनाच्या कडेला चार बोटं होती, करंगळी आत वळलेली. ती करंगळी मी ओळखते. लहानपणी तीच धरून मी चालायला शिकले.

"तुह्या मायनं लय जणांच्या मांगं धरली," काका म्हणाले. "ही तर तुमच्याच दारासमोर."

काकूंची झुणका-भाकर खाऊन घेतली. निघताना मी काकांच्या पाया पडले. तोंडाने माफी मागायचं राहून गेलं.

परतीच्या गाडीत कापसाची वावरं मागे पडत होती आणि मी ती बोटं पुन्हा पुन्हा उजेडात धरत होते. पुरावा म्हणून त्यांना शून्य किंमत आहे. आमचं घर आमच्याच हातांनी झाकलेलं आहे.

नव्या अर्जाला आईचा फोटो लागतो. काल तिला दारासमोर उभं केलं, तर शेजारणी सवयीने चादर घेऊन आल्या. त्यांना आधी निगेटिव्ह दाखवली. आईने ती डोळ्यांजवळ धरली, मग आपली करंगळी पाहिली आणि चादर घडी करून परत दिली. फोटोत पत्रा आला, नळ आला, मागची खाडी आली.

हा फोटो नापास होईल. होऊ दे. या वेळी आम्ही तो फेकणार नाही.