दारुमाचा दुसरा डोळा

आता ही फजिती मीच सांगितलेली बरी. बायको सांगते तेव्हा फार तिखटमीठ लावते. चहा घ्या, सांगतो.

माझी मामेबहीण शर्वरी अमेरिकेत असते. कुठल्या शहरात ते विचारू नका, तशी तंबीच आहे मला. तर ही बया तिथे चक्क महापौरपदाला उभी राहिली! समोरचा उमेदवार तिथला जुना, गावभर ओळखी असलेला. लढत इतकी अटीतटीची की आज ही पुढे, उद्या तो. चांगली नोकरी सोडून पोरीने वर्षभर दारोदार चपला झिजवल्या होत्या.

आणि मी? मी इथे जपानमध्ये, इचिकावात बसून सल्ले देत होतो. पुण्यातल्या वॉर्डाच्या निवडणुका बघितलेला माणूस, गप्प कसा बसणार?

शेजारच्या हिरानोसान म्हणजे ऐंशीच्या आजी. त्यांना बातमी सांगितली तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक लालभडक दारुमा आणून दिला. दारुमा म्हणजे कागदाच्या लगद्याचा गोल बाहुला. त्याचे डोळे कोरे असतात. काम मनात धरलं की एक डोळा रंगवायचा, फत्ते झालं की दुसरा. इथले उमेदवार हेच करतात. आजींच्या चिठ्ठीसकट तो मी शर्वरीला पाठवला. तिने एक डोळा रंगवून प्रचाराच्या ऑफिसात ठेवला, आजींना आभार कळवले, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींना फोनवर फोटो पाठवायला लागल्या.

मोजणीच्या वेळी तिथे रात्र, इथे दुपार. मी रजा टाकली. शर्वरीने हौसेने मला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि कोणीतरी मला हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर लावलं. खाली शंभरेक माणसं, मधोमध टेबलावर दारुमा आणि भिंतभर मी! अंगावर मूठभर मांस चढायला आणखी काय लागतं?

पहिले आकडे आले. शर्वरी पुढे.

आता माझीही बाजू ऐका. इतकी वर्षं मी जपानच्या निवडणुका टीव्हीवर बघतोय. इथे मतदान संपलं रे संपलं की अमुक निवडून आला म्हणून टीव्हीवाले सांगून मोकळे. उमेदवार डोळा रंगवतो, मंडळी दोन्ही हात वर करून तीनदा ‘बान्झाय’ असा जयजयकार करतात आणि मोजणी नंतर सावकाश होत राहते. आणि हे टीव्हीवाले क्वचितच चुकतात हो!

मी म्हटलं, "शर्वरी, झालं. रंगव डोळा."

"दादा, पोस्टाची मतं अजून मोजायची आहेत."

"मोजतील गं. ब्रश घे."

बाजूने बायको हळूच म्हणाली, की मोजून तरी होऊ दे. तुला राजकारणातलं कळत नाही, असं मी तिला सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा, ती अजून विसरलेली नाही.

शर्वरीने भीत भीत डोळा रंगवला. मी भिंतीवरून शंभर अमेरिकन माणसांकडून तीनदा बान्झाय म्हणवून घेतलं. फोटो निघाले. मंडळी खुशीत घरी जाऊन झोपली.

सकाळी तो फोटो तिथल्या पेपरात! समोरच्या पार्टीचं पित्त खवळलं. पोस्टाच्या ज्या मतांच्या पाकिटांवरची सही जुळत नाही, ती तिथे मतदाराने सही दुरुस्त केल्याशिवाय मोजत नाहीत. समोरच्यांची माणसं आपल्या अशा मतदारांना हुडकून सह्या दुरुस्त करून घेत फिरू लागली. आमची माणसं? जिंकल्यावर कोण कशाला फिरतंय! आघाडी रोज वितळत गेली.

मी फोन केला. शर्वरी एवढंच म्हणाली, "दादा, वर्षभर राबले रे मी." आणि ठेवून दिला. मला खरंच फार वाईट वाटलं. ती पुन्हा सगळ्यांना गोळा करून रस्त्यावर उतरल्याचं मामीकडून कळलं. माझे फोन मात्र तिने घेणंच बंद केलं.

शेवटी हिरानोसानकडे जाऊन विचारलं, रंगवलेला डोळा पुसता येतो का? त्यांनी थोडा विचार केला, नाही म्हणाल्या आणि मला एक बिस्किट दिलं.

मग एका संध्याकाळी ऑफिसातून येतोय तर दारात आजी उभ्या. हातात डबा. त्यात इथे शुभप्रसंगी करतात तो लाल भात. मला वाकून नमस्कार करून म्हणाल्या, "अभिनंदन. बहीण जिंकली तुमची. एकोणीस मतांनी."

मी उडालोच. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी फोन पुढे केला. फोटोत शर्वरी हसतेय आणि तिच्या हातात चकचकीत नवा, दोन्ही डोळे रंगवलेला दारुमा. पण हा तर माझा नव्हता!

"हा नवा मी पाठवला," आजी म्हणाल्या. "तिनेच मागवला होता. फक्त तिची एक अट होती."

"कसली अट?"

जपानी माणसाला तोंडावर बोलणं किती जड जातं, तुम्हाला माहीत आहे. आजींनी आधी डबा माझ्या हातात दिला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्याचा रंग वाळेपर्यंत तुम्हाला काही कळू द्यायचं नाही."