सव्विशीतले म्हातारे

लीग सुरू केली तेव्हा वाटलं होतं, ट्रॉफ्या जमतील. जमले ते किस्से! आणि ज्या किश्श्यात आपण गाढवपणा केलेला असतो, नेमका तोच दर वर्षी चहाबरोबर पुन्हा वाढला जातो.

खेळ अमेरिकन फुटबॉलचा. आम्ही खेळत नाही. आम्ही फक्त कागदावर टीम बांधतो. खरे खेळाडू रविवारी मैदानात जे करतात, त्याचे पॉइंट्स आम्हाला मिळतात. आमची लीग ‘डायनस्टी’, म्हणजे एकदा घेतलेला गडी तुम्ही सोडेपर्यंत तुमचाच. दर ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सुट्टीच्या सोमवारी, लंडनमध्ये ईलिंगला माझ्या लाउंजमध्ये ड्राफ्ट होतो. दहा टीम, पाळीपाळीने मोकळे खेळाडू निवडायचे. भांडणं सगळी रनिंग बॅकवरून, म्हणजे चेंडू काखेत मारून धावणाऱ्या गड्यावरून. त्यांचे पाय लवकर संपतात. त्यामुळे लोकांनी टाकून दिलेल्यांपैकी कोण अजून धावेल, हे ओळखणं हीच खरी कला.

*

बेसिंगस्टोकचा मंदार आयटीत आहे आणि लीगचा कमिशनर, म्हणजे नियम आणि हिशोब सांभाळणारा. त्याच्या स्प्रेडशीटमध्ये सव्वीस ओलांडलेला रनिंग बॅक आपोआप लाल होतो. लाल झाला की विकायचा.

मी भडकलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी माझ्या पेपराने मलाही असंच लाल करून घरी बसवलं होतं! “माणसाची किंमत जन्मतारखेवरून ठरवतोस? लाज वाटत नाही?”

“अरे, तुला कुठे कोण ड्राफ्ट करतंय!” मंदार म्हणाला.

पंधरा मिनिटं मी म्हाताऱ्या खेळाडूंच्या बाजूने भाषण ठोकलं. आणि त्याच दुपारी माझा सत्तावीस वर्षांचा गडी मुकाट्याने विकून टाकला. घेतला ग्लासगोच्या शिरीषने. तो गडी पुढची तीन वर्षं धावत होता, त्यातली निम्मी माझ्याच टीमविरुद्ध!

*

शिरीष हाडांचा डॉक्टर. ग्लासगोहून ट्रेनने यायचा, एका पिशवीत घरचा चिवडा, दुसरीत खेळाडूंच्या नोंदींची वही. तो कुणाची धाव बघायचाच नाही.

“मग बघतोस तरी काय?” मी एकदा विचारलं.

“पाडल्यावर उठतो कसा ते. हात टेकून उठला तर संपत आला. नुसत्या पायांवर उठला तर अजून दोन वर्षं आहेत.”

मी हसलो. मंदार हसला. शिरीष चिवडा खात राहिला.

*

एका वर्षी ड्राफ्टच्या शेवटच्या फेरीत शिरीषने गुडघा फाटलेला गडी घेतला. मंदारची लेक निया इथेच जन्मलेली, तीही लीगमध्ये आहे. ती म्हणाली, “शिरीषकाका, हा प्लेअर आहे की पेशंट?” सगळे खो खो हसले.

दोन वर्षं तो पेशंट बाकावर बसला. तिसऱ्या वर्षी फायनलमध्ये त्याने माझा चक्काचूर केला.

आता मी जन्मभर बातमीदारी केलेली! लीगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं: ‘खास तपास, भाग पहिला. डॉक्टरला आतली बातमी कुणी पुरवली?’ दुसऱ्या भागात मंदारलाही ओढलं. कमिशनरच सामील, म्हणालो.

मंदारने विचारलं, “ग्लासगोतून अमेरिकेतला गुडघा दिसतो का रे?”

शिरीषने एकच ओळ लिहिली. “दोन भाग लिहिलेस, पण माझी बाजू विचारायला एक फोन केला नाहीस.”

आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला. नवशिक्या वार्ताहरांना मी पहिल्याच दिवशी हाच नियम शिकवत असे.

*

डायनस्टीत मालक गेला तरी टीम मरत नाही. तिला ‘अनाथ टीम’ म्हणतात. नवा मालक शोधतात. मंदारने तीन जण आणले. तिन्ही वेळा मी भांडलो. “टीम त्याची आहे. तो येईपर्यंत मी सांभाळतो.”

दोन वर्षं दर रविवारी कोणाला खेळवायचं ते मी ठरवलं, शिरीषच्या पद्धतीने, उठणारे पाय बघत. गेल्या मोसमात तर त्याच्या टीमने मला हरवलं. मीच बसवलेल्या टीमने!

निया म्हणाली, “काका, तुम्ही त्यांच्यावर एवढं लिहिलं. सॉरी का नाही लिहिलं?”

मंदारने भर घातली, “मंत्र्यांना आडवं घेणारा माणूस, एक फोन करायला घाबरतो!”

“मंत्री माझे मित्र नव्हते,” मी म्हणालो.

*

यंदाचा ड्राफ्ट. शेवटची फेरी. बोर्डावर एक अठ्ठावीस वर्षांचा रनिंग बॅक उरला होता. दोन टीमनी सोडलेला, मंदारच्या शीटमध्ये गडद लाल. मी उन्हाळाभर त्याला बघत होतो. हात न टेकता उठायचा.

माझी पाळी आली. मी एक किकर घेतला, म्हणजे चेंडूला नुसती लाथ मारणारा गडी; टीमला एकच पुरतो.

“किकर? तुझ्याकडे दोन आहेत!” मंदार ओरडला.

पुढची पाळी अनाथ टीमची, पहिल्या वर्षापासून माझ्या मागोमाग. घड्याळात दोन मिनिटं. मी फोन उचलला, ग्लासगोचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला.

“हॅलो,” शिरीषचा आवाज.

“शिरीष, मी बोलतोय. तुझी बाजू विचारायला फोन केलाय. फार उशिरा केलाय. तुझ्या टीमची पाळी आहे.”

मंदारने बोटाने घड्याळ दाखवलं. चाळीस सेकंद. तीस.

“तो अठ्ठावीसवाला, हात न टेकता उठणारा, राहिलाय का?” शिरीषने विचारलं.

“राहिलाय.”

मग शिरीष म्हणाला, “का राहिलाय? माझ्या आधी तर तुझी पाळी होती ना?”