वाचक वाढवणारी बाई

महाडला ग्रंथपालांचं विभागीय अधिवेशन होतं आणि प्रमुख वक्त्यांत माझं नाव होतं. विषय दिलेला, खेड्यातला वाचक कसा वाढवावा. पत्र वाचून मला घामच फुटला.

कारण कापड्याजवळच्या आमच्या वाडीत मी वाचनालय चालवायचे खरी, पण वाचकच नव्हते. निम्मी घरं मुंबईला. पायरीवर मिरच्या निवडत बसणारी शेजारची काकी रोज विचारायची, "कुनासाठी उघडतेस गो? हाय कोण गावात?" पण नियम असा की महिन्याला ठरावीक संख्येनं पुस्तकं वाचकांच्या घरी गेलेली दिसली नाहीत तर वाचनालयाची मान्यता जाते. मान्यता गेली की कुलूप. म्हणून देवघेवीचं रजिस्टर मीच भरायचे, मुंबईला गेलेल्यांच्या नावानं. त्यातही माझा शहाणपणा बघा, ज्याला जे आवडायचं तेच त्याच्या नावावर टाकायचे. विरारला रिक्षा चालवणाऱ्याला भुताच्या गोष्टी. घाटकोपरला घरकाम करणारीला प्रवासवर्णनं, शाळेत असताना तिनं तीच वाचली होती. अधूनमधून एखाद्याला परत द्यायला उशीर झाल्याचंही दाखवायचे, नाहीतर संशय यायचा. अशी वर्षं गेली आणि कागदावर आमच्याइतके वाचक तालुक्यात कुणाचेच राहिले नाहीत. म्हणून तर बोलावणं आलं.

मी ठरवलं, खरं सांगून टाकायचं. समोर तपासणीचे साहेब बसणार होते. त्यांनी वाडीत येऊन बघावं. पुस्तकांची पेटी घेऊन मला शाळेत, वाड्यावाड्यांत फिरू द्यावं, नाहीतर सरळ कुलूप लावावं. हे खोटं लिहिणं तेवढं थांबावं, मला दुसरं काही नको होतं.

माझ्याआधी शहरातले दोन वक्ते बोलले, डिजिटल काय आणि ॲप काय. माझी पाळी आली तेव्हा हॉलमध्ये वरणाचा वास सुटला होता आणि लोक चुळबुळत होते. मी म्हणाले, "आमच्याकडे वाचक नाहीत. रजिस्टर मी भरते." मागे कुणीतरी हसलं आणि सगळा हॉल हसायला लागला. रिक्षावाल्याचं सांगितलं तर आणखीच हसले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ज्याचं रजिस्टर खरं आहे त्यानं हात वर करावा." एकही हात वर गेला नाही. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

अध्यक्ष म्हणाले, बाईंनी खुसखुशीत शैलीत सगळ्यांच्या मनातलं सांगितलं. मला शाल दिली. जेवणाच्या रांगेत नाते गावाकडचे एक ग्रंथपाल कानाशी येऊन म्हणाले, "ताई, एकाच पेनानं लिहीत जाऊ नका, पकडलं जातं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण भला माणूस होता, काळजीनंच सांगत होता.

घरी आल्यावर मी रजिस्टरला हात लावला नाही. चार महिने पानं कोरी ठेवली. भाषणावर हसले, आता कोऱ्या पानावर हसून दाखवा म्हटलं.

साहेब तपासणीला आले. एकेक कोरं पान सावकाश उलटत गेले. मला बरं वाटत होतं. आता विचारतील, काय ते एकदाचं होईल.

"साहेब, याचसाठी मी तिथं बोलले," मी म्हणाले.

"ऐकलं ना मी. छान बोललात."

त्यांनी रजिस्टर मिटलं, माझ्यापुढे सरकवलं आणि घड्याळ बघितलं.

"मी पोलादपूरला जेवून येतो. दोनेक तास लागतील. तेवढ्या वेळात करून ठेवा."

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मी भांडले असते. जीप गेली आणि मी लिहायला बसले. रडायचं होतं, पण वेळ कुठे होता? ते परत आले तेव्हा शेवटचा आठवडा राहिला होता. माझं होईपर्यंत ते बाहेर थांबले.