बंद खोलीतली पाहुणी

सौदी अरेबियातल्या खमीस मुशैतच्या इस्पितळात, मुलांच्या मानसोपचार वॉर्डात, माझ्या जागी सौदी नर्स आली. तिला काम शिकवायचं आणि मी रत्नागिरीला परतायचं, असं ठरलेलं. रागाच्या भरात मी तिच्या बिल्ल्यावरचं नावसुद्धा वाचलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बारा वर्षांच्या एका मुलीने जेवणाची ताटं भिरकावली. आम्ही तिला खोलीत एकटीला बंद केलं. ती दारावर डोकं आपटू लागली, तशी मी हातपाय बांधायचे पट्टे कपाटातून काढले.

"थांबा, सिस्टर," नवी नर्स म्हणाली. तिने दार उघडलं, बूट बाहेर काढले, सलाम केला आणि आत भिंतीशी मांडी घालून बसली. "मी तुझ्याकडे पाहुणी आलेय. पाणी तरी विचारशील की नाही?"

मुलगी थबकली. नाक पुसत तिने प्लास्टिकच्या पेल्यात पाणी ओतलं आणि उजव्या हाताने पुढे केलं.

बाहेर येताना नर्स मला म्हणाली, "कितीही चिडली तरी आमच्या घरची मुलगी पाहुण्याला तसंच पाठवत नाही."

इथल्या बारा वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलं नव्हतं. पट्टे मी परत कपाटात ठेवले आणि कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली. आता कुणी विचारलं तर मान ताठ करून सांगते, माझी जागा माझ्याहून चांगल्या नर्सने घेतली.