आत्याबाईंच्या हातच्या पाट्या

माझ्या सासूबाई विजेला इतक्या भितात की पावसाळ्यात दिव्याचं बटण लाटण्यानं दाबतात. अशा बाईचा मी हेवा केला, आणि तोही वीज खेळवायच्या कामात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना मी उगाच गुणी वाटायला नको.

मी परभणीला एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, राहायला पिंगळीला. जुना रेडिओ उघडला की आत एक पाटी दिसते, तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा आणि त्या रेघांवर कथलाचे डाग देऊन बसवलेले भाग. तोच सर्किट बोर्ड. वर्गातली पोरं तांब्याचा पत्रा लावलेली पाटी रसायनात बुडवून तिच्यावर रेघा काढतात, बोटं पिवळी करून घेतात, आणि वर्षाच्या शेवटी सगळा ढीग भंगारात जातो. मला खरं तर चित्रकलेला जायचं होतं. वडील म्हणाले, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? आणि मला आयटीआयला घातलं. त्यामुळं एकदा मोबाईलवर कुठल्याशा परदेशातल्या बाया मातीचे सर्किट बोर्ड भाजताना दिसल्या, तेव्हा मला वाटलं, हे माझ्यासाठीच राखून ठेवलेलं काम आहे. आयुष्यात एकदा तरी कुणी आपल्याला कलाकार म्हणावं, एवढीच माझी हाव होती.

पहिली चूक मी आमच्या भागातल्या कुठल्याही माणसानं केली असती तीच केली. आमच्याकडं काळ्या मातीचं कौतुक फार. सोयरीक जुळवतानासुद्धा पाव्हणे आधी विचारतात, रान काळं हाय का? मी घरच्या रानातली उत्तमातली उत्तम काळी आणली, चाळली, मळली, तिच्या पाट्या थापल्या. लाकडात कोरलेल्या ठशानं त्यांच्यावर रेघा उमटवल्या. तिसऱ्या दिवशी प्रत्येक पाटीला उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा. पुन्हा केल्या, पुन्हा भेगा. सहा वेळा हेच झालं. सहाव्या वेळी मी पाट्या उचलून भिंतीवर मारल्या, आणि तो आवाज ऐकून आत्याबाई मागच्या अंगणात आल्या. आमच्या घरात सासूला आत्याबाई म्हणतात.

"काय करायलीस गं बाई?"

"काही न्हाई आत्याबाई. कॉलेजचं काम हाय."

त्यांनी खाली वाकून एक तुकडा उचलला, अंगठ्यानं चुरला आणि चक्क जिभेला लावला.

"काळी हाय ही. काळी पिकाला. चुलीला, भिंतीला पांढरी लागती. तुला कुणी सांगितलं न्हाई का?"

कुणी सांगितलं नव्हतं. आयटीआयच्या पुस्तकात चुलीचा धडा नाही.

आत्याबाई आमच्या गल्लीच्या चुली घालतात. गॅस घरोघरी आला, तरी पुरण शिजवायला आणि आंघोळीचं पाणी तापवायला अंगणात एक चूल लागतेच, आणि कुणाला नवी हवी झाली की यांना बोलावणं येतं. नारळ तेवढा घेतात. माझ्या पाट्यांसाठी त्यांनी मला न विचारता जुन्या गावठाणाच्या टेकाडावरची पांढरी माती आणली, ओढ्याचा गाळ आणला, चाळलेली राख आणली, आणि वरातीच्या घोडेवाल्याच्या दारातून लीद गोळा करून आणली. दोन दिवस ते सगळं भिजत घातलं, पायानं तुडवलं. मग परातीत भाकरी थापावी तशा एकेक करून सात पाट्या थापल्या आणि मला म्हणाल्या, "घे, मार तुजा ठसा."

ओल्या गोणपाटाखाली, सावलीत, सावकाश वाळलेल्या त्या सातही पाट्या धड निघाल्या. केसाएवढी भेग नाही. मी तोंडानं "वा, आत्याबाई" म्हणाले आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण लोक नव्या सुनेसाठी वापरतात. आमच्या घरी ती सासूला लागू पडली.

त्यांच्यावर वरचढ व्हायची संधी मला लगेच मिळाली, असं मला वाटलं. पाटीवर आठ पायांची एक चिप बसवायची होती. तिच्या पायांसाठी मी ओल्या मातीत दाभणानं, पट्टी लावून, अगदी बरोबर मापाची भोकं पाडली होती. वाळल्यावर बघते तर भोकं जवळ आलेली, आणि चिपचे पाय काही केल्या आत जाईनात. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

"चिप बसंना झालीय," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. "तुमची माती जमली न्हाई, आत्याबाई."

त्यांनी चिप तळहातावर घेतली. "मुंगळ्यावानी हाय की गं ही!" असं म्हणून जरा वेळ तिच्याकडं बघितलं, आणि मग हसल्या. "आगं, माती आकसती. चूल घालताना तव्यापरीस बोटभर मोठी घालावी लागती. न्हाईतर वाळल्यावर तवा बसंल का तिच्यावर? तुजं सगळं मापाला माप हाय. जरा मोठं कर, नखाएवढं."

मी पट्टी घेतली, वाळलेली पाटी मोजली, ओल्या पाटीचं माप शेजारी मांडलं, दोन संध्याकाळी गणितात घालवल्या. जे उत्तर आलं ते त्यांनी नखावर दाखवलं होतं तेवढंच होतं. मी तो कागद चुरगाळून टाकला आणि नवा ठसा नखभर मोठा कोरला. ही युक्ती कुठून आली ते कॉलेजात कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला मी त्यांच्या सात पाट्यांत एक आठवी घातली, पूर्ण माझ्या हातची. माती तीच, ठसा तोच, फक्त थापलेली मी. ओळखू यावी म्हणून तिच्या पाठीवर फुली मारली. अंगणात गवऱ्या आणि तुराट्या रचून आठही भाजायला लावल्या, आणि मी धुराजवळ कान देऊन बसले. भाजताना पाटी फुटली की टक् असा आवाज येतो. देवा, एक तरी फुटू दे त्यांची, असं मी मनात म्हणत होते. नोकरी करणारी, चार माणसांत शहाणी म्हणून मिरवणारी बाई मी, आणि देवाकडं मागणं काय तर सासूची पाटी फुटू दे. तासाभरानं टक् झालं. दिवस कलल्यावर राख उपसली तर फुली मारलेली पाटी दोन तुकडे होऊन पडली होती.

"घाईनं थापलीस," आत्याबाई म्हणाल्या. "हवा ऱ्हायली आत."

तिथून पुढचं काम मात्र माझं एकटीचं होतं, आणि ते मी त्यांना हातही लावू न देता केलं. रेघांच्या खाचांत तांब्याऐवजी चांदीच्या भुकटीचा रंग भरला, चिप बसवली, डाग दिले. पाटीच्या मधल्या चांदीच्या टिकलीवर बोट ठेवलं की कडेला एक बारीक दिवा लागायचा. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा मी आत्याबाईंना बोलावलं. मनात होतं की आता जरा दिपतील. त्या लाटणं घेऊन आल्या आणि लांबून लाटणं टेकवलं. दिवा लागला नाही.

"बोट लावा. काही होत न्हाई, लय बारीक करंट हाय."

त्यांनी डोळे मिटून बोट टेकवलं, एक डोळा उघडून पाहिलं, आणि "आगंबया!" असं इतक्या जोरात ओरडल्या की शेजारच्या दोघी धावत आल्या. दोघींनी बोट लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं, की आत्याबाईनं मातीत दिवा लावला. माती त्यांची, दिवा माझा, पण गल्लीनं दोन्ही त्यांच्या पदरात टाकलं. वर नवरा म्हणाला, "आईच्या हातालाच गुण हाय." त्याला चार दिवस अळणी भाजी मिळाली.

आत्याबाई स्वतः येईल त्याला सांगायच्या, "समदं सुनेनं केलंय. म्या आपली माती मळली." त्यानं तर मी जास्तच जळायची. हेवा करायचा तर समोरचं माणूस थोडं तरी माजलेलं पाहिजे ना!

याच दिवसांत बचत गटाच्या कागदांसाठी त्या सही शिकत होत्या. शिकवत मीच होते, रोज रात्रीची भांडी झाली की. आधी त्या अंगठा उठवायच्या. वाकडंतिकडं का होईना, नाव लिहिता यायला लागलं तशी त्यांना नवीच खोड लागली. कुठलाही छापील कागद घरात आला की चष्मा लावून त्यात आपलं नाव आहे का बघायचं. रेशन कार्डावर सापडलं, आख्ख्या गल्लीला दाखवून झालं. लग्नाच्या पत्रिकेत शोधायच्या, वीजबिलातसुद्धा शोधायच्या. मला बाकी काही वाचता येत न्हाई, पर माजं नाव कुटंबी वळखते, असं अभिमानानं सांगायच्या.

परभणीत काही चित्रकला शिक्षकांनी मिळून एक प्रदर्शन भरवलं. कुणीतरी माझ्या मोबाईलमधले फोटो त्यांना दाखवले आणि त्यांनी पाच पाट्या मागवल्या. सोबत एक फॉर्म आला. कलाकाराचं नाव. मी माझं लिहिलं. खाली आणखी एक रेघ होती, सहकलाकार असेल तर नाव. त्या रेघेवर मी पेन टेकवलं. मग मनातल्या मनात वकिली सुरू केली. कल्पना माझी. सर्किट माझं. चांदी मी भरली, डाग मी दिले. माती काय, कुणीही मळतं. कुणीही मळलेली माती सहा वेळा फुटली होती, आणि ते कुणीही म्हणजे मीच होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी पेन उचललं आणि रेघ कोरी ठेवली.

आत्याबाई प्रदर्शनाला येतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नवऱ्यानं हट्टानं आणल्या. ठेवणीतलं लुगडं, चापून घातलेली वेणी, नाकावर चष्मा. लोक रांगेनं पाट्यांवर बोट लावत होते, दिवे लागत होते. एक पांढऱ्या दाढीचे शिक्षक पाटी उलटीपालटी करून बघत राहिले.

"कलाकार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"दिव्याचं राहू द्या, पण ही माती! कुठं तडा नाही. कशी साधली?"

"सरावानं," मी म्हणाले.

मागं वळले तर आत्याबाई हातभर अंतरावर उभ्या. ऐकलं असेल की नसेल, मला कळेना. त्या हसत पुढं आल्या आणि पाटीशेजारी लावलेल्या कार्डाकडं बोट केलं.

"काय लिवलंय गं हितं?"

"मातीच्या पाट्या म्हणून लिवलंय," मी म्हणाले. "आणि खाली माझं नाव." मी कार्डाकडं न बघता पुढं जोडलं, "आणि तुमचं."

त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांनी कार्डावर बोट ठेवलं आणि मी शिकवलं होतं तसं डावीकडून उजवीकडं, एकेका अक्षराखालून नेलं. शेवटाला पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून नेलं. तिसऱ्यांदा अर्ध्यावर बोट थांबलं. मग त्यांनी ते काढून घेतलं आणि पदरात धरलं.

"लय बारीक लिवलंय," त्या म्हणाल्या. "मला न्हाई दिसायचं. चष्मा घरी ऱ्हायला ना."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.