मागचे मास्तर

मोठ्या मास्तरांच्या डाव्या खांद्यामागे एक पाऊल सोडून उभं राहायचं, हात पाठीशी बांधायचे आणि ओठ हलवत राहायचं, ही त्यांची रीत. सामना पाहायला येणाऱ्यांपैकी काहींना वाटे, गडी जप करतो आहे. काही म्हणत, वरच्याची खुशामत चालली आहे. आम्ही खेळणारे त्यांना मागचे मास्तर म्हणत असू. कोणी काही विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "पुढच्याले इचारा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्या जागेवर इतकी वर्षं उभी असतात की लोकांना वाटतं, यांना पहिली जागा नकोच आहे.

मी तेव्हा शेगावला एका शेठच्या जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या काट्यावर कारकून होतो. कारकून नावाला. खरं काम फुटबॉल खेळायचं. शेठना टीमचा मोठा नाद. कोणी काट्यावर, कोणी गोदामावर, कोणी फाटकावर, अशी सगळी टीमच त्यांनी नोकरीला ठेवली होती. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. अकोल्याच्या स्पर्धेची ढाल नागपूरच्या साहेबाच्या हातून घ्यायची, हा शेठचा ध्यास होता. ढाल दर वर्षी दुसऱ्याच कोणाच्या घरी जाई.

मोठे मास्तर पलटणीतून निवृत्त झालेले. उंच, मिशाळ, आवाज असा की स्टेशनावरचे हमाल मान वळवून पाहत. मागचे मास्तर जानेफळचे. घरी शेती होती, ती भाऊ पाहत असे. हे खेळायला म्हणून शेगावला आले आणि एका सामन्यात गुडघा मोडून बसले. तेव्हा मोठ्या मास्तरांनी त्यांना पाठुंगळीला घेऊन स्वतःच्या घरी नेलं. मास्तरीणबाईंनी सगळा पावसाळा त्यांचा गुडघा शेकला. गुडघा पुरता सुधारला नाही, पण ते मैदानावर परतले ते मास्तरांच्या मागे उभे राहायलाच.

त्यांचे ओठ का हलतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. एकदा ते तापाने घरी होते. त्या दिवशी सरावात मोठ्या मास्तरांनी आमच्या उजव्या फॉरवर्डला, गणपतला, भरभरून शाबासकी दिली. गणपत तेव्हा बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. मोठ्या मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मागचे मास्तर त्यांना सामना सांगत असत. "डावीकडून गेला. गनपतपाशी आला. मधात मोकळं हाय." तेवढं ऐकून मोठे मास्तर जो हुकूम सोडत तो अचूक असे. डोळे एकाचे, डोकं दुसऱ्याचं.

म्हणून मागच्या मास्तरांना साधुपुरुष समजू नका. एकदा स्टेशनासमोर चहा पिता पिता ते मला म्हणाले होते, "मले बी एकडाव पुढं उभं राहाचं हाय बे. आपली टीम, आपला हुकूम." मग घाईघाईने बशी तोंडाला लावली, जणू बोललेलं परत गिळायचं होतं.

त्या वर्षी आम्ही अकोल्याच्या फायनलला पोचलो आणि शेठनी त्यांना गादीवर बोलावलं. माझा काटा खोलीच्या दाराशीच होता. शेठ म्हणाले, "मास्तर, लोक काहीबाही बोलतात. मोठ्या मास्तरांना दिसतं की नाही? दिसत नसेल तर त्यांची जागा आजपासून तुमची."

मी वजनं लावायची सोडून ऐकत होतो. त्यांनी उपरण्याने मान पुसली आणि म्हणाले, "मले जेवढं दिसते, शेठ, तेवढं त्याईले दिसते."

शेठनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "ठीक आहे. पण ढाल आली नाही तर दिवाळीनंतर मोठे मास्तर घरी, आणि जागा तुमची. मग मी कोणाचं ऐकणार नाही."

त्याच संध्याकाळी सराव संपल्यावर मागचे मास्तर मोठ्या मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले. समोर, मागे नाही. आम्ही पाचसहाजण तिथेच पाय धूत होतो. ते आम्हाला दूर जा म्हणाले नाहीत. मागाहून वाटलं, आम्ही ऐकावं अशीच त्यांची इच्छा असावी. शेठचं सगळं बोलणं त्यांनी सांगितलं आणि मग म्हणाले, "मास्तर, मले ते जागा पायजे. खोटं कायले बोलू? पन तुमच्या मागून नाई घेनार. ढाल जिंकू, मग तुमीच शेठले डोळ्याचं सांगा अन् मले पुढं करा."

मोठे मास्तर खुर्चीत ताठ झाले. मला वाटलं, ते ओरडतील. ते अगदी हळू बोलले, "म्हंजे एवढ्या सालाची वाट पाहून राह्यला तू. अकोल्याले माह्या जवळ उभं राहू नोको. दूर राह्य."

अकोल्याच्या गाडीत त्या दिवशी कोणी गाणं म्हटलं नाही. एका टोकाला मोठे मास्तर, दुसऱ्या टोकाला मागचे मास्तर, मधे आम्ही. टीममध्येही दोन तट पडले होते. गणपत म्हणे, ज्याने हाताला धरून वर आणलं त्याच्याच खुर्चीवर डोळा. आमचा गोलकीपर म्हणे, आंधळ्याच्या हुकमावर किती दिवस धावायचं. मी खिडकीबाहेर पाहत होतो. मला दोघांचंही खरं वाटत होतं.

समोरच्या टीमच्या पायांत बूट होते, आम्ही अनवाणी. पहिल्या दहा मिनिटांतच एका बुटाने गणपतचा घोटा सुजवला. तो लंगडू लागला, पण मैदान सोडेना. मोठे मास्तर ओरडत होते, "उजवीकडून! गनपतले द्या!" आम्ही देत होतो. चेंडू गणपतपाशी जाई आणि तिथेच मरे. हाफटाइमच्या आत आमच्यावर गोल झाला. हाफटाइमलाही हुकूम तोच. गणपत पाय मुडपून गवतात बसला होता. आपल्याला लागलंय हे त्याने सांगितलं नाही, आणि मोठ्या मास्तरांना खोटं पाडायला आमच्यापैकी कोणाची जीभ उचलली नाही.

मागचे मास्तर पार कोपऱ्यातल्या निशाणापाशी उभे होते. मांडवात शेठ खुर्चीवर बसले होते. ते चेंडूकडे कमी आणि या दोघांकडे जास्त पाहत होते. सांगायचं ते इतकंच की मागच्या मास्तरांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं तिथे उभं राहायचं. आम्ही हरलो की जागा त्यांची होती, आणि कोणालाही त्यांच्याकडे बोट दाखवता आलं नसतं.

दुसरा हाफ सुरू झाला. मी डावा हाफ, त्यामुळे आमच्या कडेचं सगळं मला दिसत होतं. ते दोन पावलं पुढे आले आणि थांबले. पुन्हा मागे गेले. उपरणं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकलं. मग एकाएकी निघाले. दुखरा गुडघा ओढत, लोकांच्या पुढून, शेठच्या मांडवासमोरून चालत येऊन मोठ्या मास्तरांच्या डाव्या खांद्यामागे उभे राहिले.

"कोन?" मोठ्या मास्तरांनी मान न वळवता विचारलं.

"मी."

"तुले दूर राह्य म्हनलं होतं."

"हाव, म्हनलं होतं." मग त्याच दमात ते म्हणाले, "गनपत लंगडून राह्यला. त्याईचे दोघं तिकडंच गेले. डावीकडं सारं मोकळं हाय."

चेंडू बाहेर गेला होता, म्हणून मला हे ऐकू आलं. मोठ्या मास्तरांचा जबडा तेवढा हलत होता. चेंडू आत आला तरी हुकूम आला नाही. मग तो आवाज फुटला, "डावीकडून! गनपतले सोडा, डावीकडून!"

पुढचं थोडक्यात सांगतो. चेंडू माझ्याकडे येऊ लागला, आणि समोर खरंच कोणी नव्हतं. आम्ही दोन गोल केले. ढाल आमची झाली. शेठनी हार घातला तो मोठ्या मास्तरांना. मागचे मास्तर तेव्हा गणपतच्या घोट्याला पट्टी बांधत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे मास्तर काट्यावर आले. मला म्हणाले, "मले शेठपाशी घेऊन चाल." त्यांनी माझा खांदा धरला. त्यांना असं घेऊन चालायची ती माझी पहिलीच वेळ. शेठसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की आपल्याला दिसत नाही, दोन वर्षं झाली, ढाल आपल्या मागं उभं राहणाऱ्यानं आणली, आता जागा त्याला द्या.

शेठनी मागच्या मास्तरांना बोलावून घेतलं. "मी विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं?"

"खोटं नव्हतं सांगतलं, शेठ."

"खरंही नव्हतं," शेठ म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त भीती वाटली. मोठ्या मास्तरांना त्यांनी शाल देऊन निरोप दिला. पहिल्या जागेवर नागपूरहून नवा मास्तर आणायचं ठरवलं. मागच्या मास्तरांना म्हणाले, हवं तर त्याच्या हाताखाली राहा.

ते राहिले नाहीत. मी त्यांना समजावलं की नवा माणूस वर्षभरात कंटाळून जाईल, मग जागा तुमचीच आहे. ट्रंकेला दोरी आवळता आवळता ते म्हणाले, "मोठ्या मास्तरच्या मागं उभं राहाची मले कधी लाज नाई वाटली. आता वाटंल."

मोठे मास्तर साखरखेर्ड्याला लेकीकडे गेले, हे जानेफळला शेतीवर. बाजाराच्या दिवशी ते साखरखेर्ड्याला जाऊन मास्तरांना भेटून येतात, असं कानावर येई.

पुढे एकदा कापसाच्या कामासाठी मी मेहकरला गेलो. परतताना जानेफळला मोटार पाणी घ्यायला थांबली, तर ते रस्त्याकडेच्या शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होते. मला पाहून धावतच आले. माझी खुशाली विचारली नाही. पहिला प्रश्न टीमचा. मी सांगितलं, यंदा पहिल्याच सामन्यात हरलो. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते इतकं उघडं होतं की त्यांचं त्यांनाच कळलं आणि मान खाली गेली. "वाईट झालं," ते म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "मले अजून बी ते जागा पायजे होती, असं वाटते. रोज वाटते."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मी चढलो, तरी ते खिडकीचा गज धरून विचारतच होते. गणपतचा घोटा नीट झाला का? डाव्या बाजूला आता कोण खेळतो? नवा मास्तर हाफटाइमला पोरांना पाणी देतो की नुसताच रागावतो? मोटार हलली. मला वाटलं, ते गज सोडतील, पण ते तो दुखरा गुडघा घेऊन बाजूने पळत राहिले.

मग गज सुटला. धुळीत उभं राहून त्यांनी आणखी काहीतरी विचारलं. हात वर करून, मोठ्याने. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. ते पुन्हा भेटले नाहीत.