वाकळीचा घास

आमच्याकडं वाकळ उपाशी मिटवत नाहीत. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालायचे, चारी बाजूंनी धावदोरा घालत आणायचा आणि एक कोपरा उघडा ठेवायचा. अगदी शेवटी त्यात भाकरीचा तुकडा सारून तो टाक्यांनी बंद करायचा. याला घास म्हणतात. वैनी लग्न होऊन मुडबीकडच्या आमच्या गावात आली तेव्हा मायनं तिला हे शिकवलं. पुढं पुण्याच्या एका दुकानानं तिच्या वाकळी विकायला घेतल्या. दुकानाच्या बाईंनी फोनवर सांगितलं, आत खायचं काही घालू नका, मुंग्या होतात. तेव्हापासून वैनी भाकरीऐवजी हळदीत बुडवलेली चिंधी घालायची. पण घालायची.

मी बसवकल्याणला बायकांच्या एका संघटनेत आहे, पत्रकं लिहिते. बाईच्या घरगुती उद्योगाबद्दल लिहिणारा कुणीही असो, एक शब्द हमखास वापरतो: 'फावल्या वेळात'. हा शब्द ज्यानं काढला त्याला आणून आमच्या घरात बसवला पाहिजे. भाकरी, जनावरं, पोरांच्या शाळेची तयारी, मग तुरीतलं खुरपण, आणि परत येऊन पुन्हा चूल. यातनं वैनी दुपार ओरबाडून काढायची. दुपार मिळाली तरी जागा मिळायची नाही. वाकळ मांडीवर घेऊन शिवता येत नाही. ती जमिनीवर पसरून, तिच्यावर बसून शिवावी लागते. एवढी मोकळी फरशी आमच्या घरात एकाच खोलीत, आणि तिथंच सोयाबीनची पोती, तिथंच माझ्या वडिलांची, अप्पांची बैठक. कुणी भेटायला आलं की वैनीनं सुई सांभाळत सगळं गुंडाळायचं. गुंडाळलं की थर सरकले. थर सरकले की उसवा.

"उचल की गं तो पसारा, माणसं यायलीत," अप्पा म्हणायचे.

"थोडंच ऱ्हायलंय अप्पा."

"मग कर की. रिकामीच तर हायेस."

माय आतून ओरडायची, "ती रिकामी हाय म्हणूनच तुमच्या ताटात ऊन भाकरी पडायलीय! आम्ही दोघी कामाला लागलो तर चुलीपुढं कोण बसंल, तुमच्या बैठकीतले?"

अप्पा हसायचे. बैठक काही हलायची नाही.

यंदा दुकानाच्या बाईंनी मोठ्या वाकळी मागितल्या. माल वेळेवर आला तर वर्षभर काम देते, नाहीतर दुसरीकडं बघते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यात गैर काही नाही. धंदा असाच बोलतो. वैनीच्या डोक्यात मात्र वर्षभराच्या कामासोबत एक खोली होती. घरामागं, पत्र्याची, खाली फरशी घातलेली, तिची.

"आन् त्यात पोती आली तर?" मी विचारलं.

"तर पोत्याचंबी तोंड शिवून टाकते," वैनी म्हणाली.

थंडीच्या तोंडाला माय न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. कलबुर्गीला ऑपरेशन झालं. दवाखान्यात माझा भाऊ अण्णा आणि मी होतो. घर, पोरं, जनावरं सांभाळून वैनीनं त्या काळातच एक सोडून सगळ्या वाकळी पुऱ्या केल्या आणि घडी घालून पेटीत ठेवल्या. बैठक बंद होती, म्हणून ती खोली पहिल्यांदाच रिकामी मिळाली होती तिला. सासू दवाखान्यात पडली तेव्हा सुनेला जमीन मिळाली. लिहितानाही राग येतो.

मायला घरी आणलं. खाट त्याच खोलीत टाकली. वैनी वैरण घालायला गेली होती. तेवढ्यात अण्णानं पेटी उघडली, वरच्या वाकळी काढल्या आणि मायच्या अंगाखाली, पायाखाली, उशाला अंथरल्या. त्याच्या मनात पाप नव्हतं. पाप असतं तर भांडणं सोपं गेलं असतं. त्याच्या लेखी वाकळ म्हणजे घरातली गोष्ट, घरातल्या माणसासाठी. ती विकायची असते हे तो ऐकून होता, पण त्याला ते पटलंच नव्हतं.

वैनी आली. खाटेकडं बघत दारातच उभी राहिली.

"काय झालं?" अण्णानं विचारलं.

"काई न्हाई."

स्वयंपाकघरात मी म्हटलं, "काढून घे."

"मायच्या अंगाखालनं? मी काढू?" ती म्हणाली. "तुमीच सांगा वन्सं, कशी काढू?"

मग मी अण्णाला धरलं. "तुझ्या ट्रॅक्टरचं टायर काढून मायच्या उशाला देशील का?"

"टायर आन् वाकळ एकच हाय व्हय?"

"तिच्यासाठी एकच हाय."

"तुझी पत्रकं बसवकल्याणात वाट. पेटीभर वाकळी असताना मायला विकतच्या गादीवर झोपवू? लोक शेण घालतील तोंडात."

वाकळी जिथं होत्या तिथंच राहिल्या.

वैनीनं एवढाच विचार केला होता, की मायच्या अंगाखालच्या घाण झाल्या नाहीत तर धुऊन, उन्हात घालून पाठवता येतील. बाईंकडून तिनं थोडी मुदतही मागून घेतली. आणि खरंच, वाकळी कोरड्या राहिल्या. सगळ्यांना बरं वाटलं. मायचं मागणंही कमी झालं. लघवीला भांडं द्या म्हणून हाक मारायची तीही बंद झाली. पुढं ताप चढला. ओठ फुटले. डॉक्टर म्हणाले, लघवीचा त्रास झालाय, पाणी का देत नाही? पाण्याचा तांब्या उशाशीच होता, भरलेला.

वैनीनं खाटेवर वाकून विचारलं, "पाणी कामून पीत न्हाईत, माय?"

माय हळूच म्हणाली, "वल्ली झाली तर कोण घेईल गं? इकायच्या हायत ना ह्या."

या वाकळी म्हणजे वैनीचा धंदा, हे आम्हा दोघींखेरीज अख्ख्या घरात एकटीला कळलं होतं. हाड मोडून पडलेल्या म्हातारीला. आणि कळून ती एकच गोष्ट करू शकत होती: तहान मारून पडून राहणं. आमच्या घरात एका बाईचा धंदा दुसरीनं असा सांभाळला. यावर कुणी पत्रक काढील का?

वैनीनं तांब्या उचलला. "प्या. भिजू द्या. मी दुसऱ्या शिवते."

"कवा?"

"शिवते म्हणलं ना. प्या आधी."

माय प्यायली. वाकळी भिजल्या. धुऊन भिंतीवर टाकल्या तेव्हा कोपऱ्यातल्या घासाची हळद फुटून सगळीकडं पसरली होती. वैनीनं दुकानाच्या बाईंना फोन करून खरं ते सांगितलं. त्या मायबद्दल हळहळल्या, आणि काम दुसरीकडं दिलं.

भेटायला बायका यायच्या. भिंतीवर वाळणाऱ्या वाकळी बघून म्हणायच्या, "सून असावी तर अशी, हातच्या वाकळीवर निजवलंय सासूला." वैनी त्यांना चहा द्यायची.

माय अजून खाटेवरच आहे. परवा मी गेले तेव्हा वैनी खाटेशेजारी, भिंत आणि पोती यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, ती राहिलेली वाकळ घेऊन बसली होती. मधल्या ओळी पुऱ्या झाल्याच नव्हत्या. तरी तिनं कोपरा उघडला, परातीतली भाकरी मोडली, तुकडा आत सारला आणि टाके घालायला लागली.

"अर्धीच कामून मिटवायलीस?" मी विचारलं. "आन् भाकरी घातलीस? मुंग्या होतील की."

"होऊ द्या," वैनी म्हणाली आणि दातानं दोरा तोडला. "आता घरातच ऱ्हानार हाय."